नद्या व अंतर्गत जलाशय : कार्बन चक्रातील स्थान

वातावरण, सजीव, मृदा, खडक व महासागर यांच्यामध्ये कार्बनाची जी अखंड देवघेव चालू असते, तिला कार्बन चक्र म्हणतात. नद्या, ओढे, सरोवरे, तळी, पाणथळ जमिनी व धरणांचे जलाशय यांना मिळून अंतर्गत जले ही संज्ञा देतात. त्यांचे क्षेत्रफळ एकूण भूभागाच्या मानाने अल्प आहे. नद्या व ओढे यांनी तर भूपृष्ठाचा सु. अर्धा टक्काच भाग व्यापलेला आहे. यामुळे कार्बनाच्या जागतिक हिशेबात त्यांना दीर्घकाळ केवळ वाहकाचे स्थान मिळाले. जमिनीवरून निघालेला कार्बन नदी समुद्रात नेऊन सोडते, वाटेत त्याचे फारसे काही होत नाही, अशी समजूत होती. ही समजूत सु. दीडशे वर्षे टिकली आणि ती टिकण्याचे कारण बऱ्याच अंशी मोजमापाच्या जागेत होते. पाण्याचे नमुने शक्यतो नदीच्या मुखाजवळ घेतले जात. तेथे पोहोचण्यापूर्वी पाण्यातून जे हवेत निसटले किंवा तळाशी बसले, त्याची नोंद होत नसे.

नदीच्या पाण्यातील कार्बन एकाच रूपात नसतो. खडकांच्या वातावरणक्रियेतून (ऊन, पाऊस, हवा यांच्या क्रियेने होणाऱ्या झिजेतून) बायकार्बोनेट तयार होते व ते पाण्यात विरघळून वाहते. मृदेतील मुळांच्या व सूक्ष्मजंतूंच्या श्वसनातून निर्माण झालेला कार्बन डाय-ऑक्साइड वायू भूजलाबरोबर ओढ्यात उतरतो. कुजणाऱ्या पालापाचोळ्यातून झिरपलेल्या सेंद्रिय द्रव्यांमुळे काही नद्यांच्या पाण्याला कोऱ्या चहासारखा रंग येतो. याखेरीज मातीच्या कणांना चिकटून आलेले सेंद्रिय द्रव्य गाळाबरोबर वाहत असते. यांपैकी बायकार्बोनेटाचा अभ्यास भूरसायनशास्त्रज्ञांनी केला, तर सेंद्रिय द्रव्याचा मुख्यतः परिस्थितिवैज्ञानिकांनी. या दोन परंपरांचा एकमेकींशी जवळजवळ शतकभर फारसा संपर्क नव्हता, ही गोष्ट या विषयाचा इतिहास समजून घेताना ध्यानात ठेवावी लागते.

खडकांची झीज व हवेतील कार्बन : फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व खाण अभियंता झाक झोझेफ एबेलमेन (१८१४–५२) यांनी १८४५ मध्ये सिलिकेटी खनिजांच्या अपघटनासंबंधीचा आपला निबंध खाणकामविषयक एका नियतकालिकात प्रसिद्ध केला. ताजा खडक व त्याच खडकाचा झिजलेला, भुसभुशीत झालेला भाग यांच्या रासायनिक विश्लेषणांची तुलना करून खडकातून कोणती द्रव्ये निघून जातात हे त्यांनी दाखविले. कॅल्शियम, मॅग्नेशियम व अल्क धातू नाहीसे होतात आणि शेवटी मृत्तिका उरते. ही द्रव्ये पाण्यात विरघळवून नेण्यासाठी हवेतील कार्बानिक अम्लाचा व्यय होतो, हा त्यांचा पुढील निष्कर्ष होता. सिलिकेटी खडकातील कॅल्शियम नदीवाटे समुद्रात पोहोचून चुनखडकाच्या रूपात साचले, की हवेतील तेवढा कार्बन दीर्घकाळासाठी खडकात बंदिस्त होतो. ज्वालामुखींतून बाहेर पडणारा वायू ही तूट भरून काढतो. म्हणजे हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडाचे प्रमाण भूवैज्ञानिक काळात स्थिर राहिलेच पाहिजे असे नाही, हे एबेलमेन यांनी वयाच्या एकतिसाव्या वर्षाच्या आसपास ओळखले होते. पुढे सेव्हर येथील प्रख्यात चिनी मातीच्या कारखान्याचे ते प्रशासक झाले व सदतिसाव्या वर्षी मरण पावले. त्यांचे हे काम इतके विस्मृतीत गेले, की अमेरिकन शास्त्रज्ञ हॅरल्ड यूरी (१८९३–१९८१) यांनी १९५२ मध्ये तेच समीकरण ग्रहांवरील आपल्या ग्रंथात मांडले, तेव्हा ते यूरी यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. एबेलमेन यांना त्यांचे श्रेय १९९६ मध्ये रॉबर्ट बर्नर व के. ए. माश यांच्या एका लेखाने मिळवून दिले. विज्ञानाच्या इतिहासात अशी उपेक्षा विरळा नाही, तथापि दीडशे वर्षांचा विलंब थोडा अधिकच म्हणावा लागेल.

या प्रक्रियेतील एक बारकावा पुढील सर्व वादांच्या मुळाशी आहे. चुनखडक झिजतो तेव्हा हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडाचा एक रेणू खर्च होतो; पण समुद्रात त्याच कॅल्शियमापासून पुन्हा चुनखडक बनताना एक रेणू मोकळा होतो. जमाखर्च शून्यावर येतो. कॅल्शियमयुक्त सिलिकेट झिजताना मात्र दोन रेणू खर्च होतात व समुद्रात त्यांपैकी एकच परत मिळतो. नदीच्या पाण्यातील बायकार्बोनेट दोन्ही प्रकारांत सारखेच दिसते. म्हणून केवळ पाण्याचे विश्लेषण करून भागत नाही, तर ते पाणी कोणत्या खडकावरून आले हेही माहीत असावे लागते.

स्वीडिश भूवैज्ञानिक आर्व्हिड हग्बोम (१८५७–१९४०) यांनी १८९४ मध्ये कार्बनाच्या या देवघेवीचा पहिला अंकात्मक हिशेब मांडला. त्यांचे सहकारी स्वांते अरेनियस (१८५९–१९२७) यांनी १८९६ मधील आपल्या सुप्रसिद्ध निबंधात, हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड वाढल्यास पृथ्वीचे तापमान किती वाढेल याचे गणित करताना हग्बोम यांचे विवेचन विस्ताराने उद्धृत केले आहे. निरनिराळ्या देशांतील नद्यांमधील चुन्याचे प्रमाण व त्यांचा प्रवाह यांवरून समुद्रास मिळणारी विरघळलेली कार्बोनेटे वर्षाला फार तर ३ घन किमी. भरतील, असा हग्बोम यांचा अंदाज होता. त्या वेळी जगात दरसाल जाळल्या जाणाऱ्या सु. ५० कोटी टन दगडी कोळशातून निघणारा वायू हा खडकांच्या झिजेत खर्च होणाऱ्या वायूच्याच तोडीचा आहे, हेही त्यांनी दाखविले. मानवी व्यवहार व निसर्गाचा व्यापार एकाच तराजूत घालणारी ही बहुधा पहिलीच तुलना, आणि तिच्या एका पारड्यात नद्यांच्या पाण्याची विश्लेषणे होती. अमेरिकन भूवैज्ञानिक टी. सी. चेंबरलिन (१८४३–१९२८) यांनी याच सुमारास हिमयुगांची कारणमीमांसा करण्यासाठी खडकांच्या झिजेचा आधार घेतला. पुढे अरेनियस यांच्या सिद्धांतावर आक्षेप आले आणि हवेतील कार्बनाचा प्रश्न काही दशके मागे पडला.

नदीमुखावरील मोजमाप : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नद्यांच्या पाण्याची विश्लेषणे मोठ्या प्रमाणावर जमविली गेली, पण ती कार्बनासाठी नव्हे. आयरिश शास्त्रज्ञ जॉन जोली यांनी १८९९ मध्ये समुद्रातील सोडियमाची एकूण राशी भागिले नद्यांनी दरवर्षी आणलेले सोडियम, असा सोपा भागाकार करून महासागराचे वय ८ ते ९ कोटी वर्षे ठरविले होते. हा आकडा पुढे चुकीचा ठरला. मात्र त्याच्या ओढीने नद्यांतील क्षारांची आकडेवारी गोळा झाली. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे मुख्य रसायनशास्त्रज्ञ एफ्. डब्ल्यू. क्लार्क (१८४७–१९३१) यांच्या १९०८ ते १९२४ या काळात पाच आवृत्त्या निघालेल्या भूरसायनविषयक संकलन ग्रंथात ती व्यवस्थित लावलेली आढळते. याच संस्थेसाठी डी. ए. लिव्हिंग्स्टन यांनी १९६३ मध्ये केलेल्या संकलनानुसार जगातील नद्यांच्या सरासरी पाण्यात दर लिटरमागे सु. १२० मिग्रॅ. क्षार विरघळलेले असतात व त्यांपैकी सु. ५८ मिग्रॅ. बायकार्बोनेट असते. नदीच्या पाण्यात विरघळलेला जवळजवळ निम्मा भार अशा रीतीने कार्बनाच्या एका संयुगाचा ठरला.

सेंद्रिय कार्बनाची आकडेवारी याच्या फार मागे होती. फ्रेंच शास्त्रज्ञ मिशेल मेबेक यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात जगातील नद्या समुद्रास दरसाल सु. ४० कोटी टन सेंद्रिय कार्बन देतात, असे दाखविले. त्यातील निम्म्याहून थोडा अधिक भाग विरघळलेला व उरलेला कणरूप होता. बायकार्बोनेटाच्या रूपातील कार्बनही त्याच सुमाराचा भरला. याच वर्षी हँबर्ग येथील ई. टी. डेगेन्स यांच्या नेतृत्वाखालील प्रकल्पाचा पहिला खंड बाहेर पडला. ‘स्कोप’ ही पर्यावरणविषयक आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक समिती व संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांच्या आश्रयाने चाललेल्या या प्रकल्पात जगातील मोठ्या नद्यांवर निरनिराळ्या देशांतील शास्त्रज्ञांनी एकाच धर्तीवर निरीक्षणे घेतली. मूळचे भारतीय असलेले व्ही. इट्टेक्कोट यांनी हँबर्ग येथेच गाळातील सेंद्रिय द्रव्याचे स्वरूप तपासले. नदी जितकी गढूळ, तितके तिच्या गाळातील सेंद्रिय कार्बनाचे शेकडा प्रमाण कमी व ते द्रव्य कुजण्यास अधिक प्रतिकारक, हा त्यांचा १९८८ मधील निष्कर्ष होता. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात व्ही. सुब्रमणियन व त्यांचे सहकारी याच काळात गोदावरीसह भारतीय नद्यांच्या पाण्याचे व गाळाचे अध्ययन करीत होते. मॉन्सूनच्या प्रदेशात वर्षभराचा बहुतेक भार काही आठवड्यांच्या पुरात वाहून जातो. उन्हाळ्यात घेतलेल्या चार नमुन्यांवरून अशा नदीची सरासरी काढणे म्हणजे दिवाळीच्या आठवड्यावरून बाजारपेठेची वर्षभराची उलाढाल ठरविण्यासारखेच. फरक एवढाच, की येथे चूक उलट दिशेची होते.

या सर्व प्रयत्नांतून नद्या समुद्राला दरसाल सु. ९० कोटी टन कार्बन देतात, हा आकडा स्थिरावला व पाठ्यपुस्तकांत गेला. कार्बन चक्राच्या आकृतीत जमिनीकडून समुद्राकडे जाणारा एक बारीक बाण काढला म्हणजे नद्यांचे काम संपे.

नळाला असलेली गळती : परिस्थितिवैज्ञानिकांच्या हाती मात्र वेगळाच पुरावा जमत होता. अमेरिकन परिस्थितिवैज्ञानिक एच्. टी. ओडम यांनी १९५६ मध्ये वाहत्या पाण्यातील ऑक्सिजनाचे दिवसा व रात्री होणारे चढउतार मोजून तेथील प्रकाशसंश्लेषण व श्वसन काढण्याची पद्धत बसविली. अनेक प्रवाहांत श्वसन हे प्रकाशसंश्लेषणापेक्षा अधिक असल्याचे तिच्यामुळे दिसू लागले. स्वतः निर्माण केलेल्या अन्नापेक्षा अधिक अन्न जाळणारा प्रवाह हे जास्तीचे अन्न कोठून तरी बाहेरून आणीत असला पाहिजे. न्यू हँपशर राज्यातील बेअर ब्रुक या जंगलातील ओढ्यावर एस्. जी. फिशर व जी. ई. लायकेन्स यांनी केलेल्या व १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ओढ्याला मिळणाऱ्या ऊर्जेपैकी ९९ टक्क्यांहून अधिक ऊर्जा काठावरील वनातून, म्हणजे पाने, काटक्या व झिरपणारे पाणी यांवाटे येते असे आढळले. ओढा हा वनाचाच एक भाग होता. तो वनातील कार्बन जाळीत होता. या निष्कर्षाचा जागतिक कार्बन चक्राशी संबंध जोडण्यास मात्र आणखी वीस वर्षे लागली.

समुद्राच्या बाजूनेही एक कोडे उभे राहिले. नद्यांनी आणलेले सेंद्रिय द्रव्य कुजण्यास कठीण असते असे मानले, तर समुद्राच्या पाण्यात व तळावरील गाळात जमिनीवरील वनस्पतींच्या खुणा विपुल सापडावयास हव्यात. प्रत्यक्षात लिग्निनासारखी स्थलवनस्पतींची द्रव्ये खुल्या समुद्रात अत्यल्प आढळतात. जॉन हेजेस व सहकाऱ्यांनी १९९७ मधील आपल्या लेखाच्या शीर्षकातच हे द्रव्य समुद्रात गेल्यावर त्याचे होते तरी काय, असा प्रश्न विचारला होता.

निर्णायक आकडे १९९४ मध्ये आले. जोनाथन कोल, नीना कॅराको, जॉर्ज क्लिंग व टिमथी क्रॅट्झ यांनी जगभरातील १,८३५ सरोवरांच्या ४,६६५ नमुन्यांवरून पृष्ठजलातील कार्बन डाय-ऑक्साइडाचा दाब काढला. ८७ टक्के नमुने अतिसंतृप्त होते, म्हणजे हवेशी समतोल राखण्यास आवश्यक त्याहून अधिक वायू त्यांत होता, आणि सरासरी दाब हवेतील दाबाच्या सु. तिप्पट होता. असे पाणी हवेतून कार्बन घेत नाही, हवेला देते. सरोवरांतून बाहेर पडणाऱ्या कार्बनाचा अंदाज त्यांनी वर्षाला सु. १४ कोटी टन दिला. या पद्धतीत दाब प्रत्यक्ष न मोजता पाण्याची अम्लता व क्षारता यांवरून गणिताने काढला जातो आणि मऊ, तांबूस पाण्यात असे गणित दाब फुगवून दाखविते, हे पुढे सिद्ध झाले. मात्र निष्कर्षाची दिशा त्यामुळे बदलली नाही.

ॲमेझॉनच्या खोऱ्यातील संशोधनाने या विषयाला खरी व्याप्ती दिली. जेफ्री रिची व त्यांचे अमेरिकन व ब्राझिलियन सहकारी १९८० च्या दशकापासून या नदीवर नमुने घेत होते. पुराच्या काळात ॲमेझॉनचे पाणी दाट अरण्यात कित्येक किमी. आत पसरते. हा पाण्याखालचा प्रदेश वरून झाडांनी झाकलेला असल्याने छायाचित्रांत दिसत नाही. उपग्रहावरील रडाराच्या साहाय्याने मध्य ॲमेझॉनच्या सु. १७·७ लाख चौ. किमी. क्षेत्रात तो ऋतुमानानुसार मोजण्यात आला. त्यावरून २००२ मध्ये त्यांनी दाखविले, की या क्षेत्रात दर हेक्टरमागे वर्षाला सु. १·२ टन कार्बन पाण्यातून हवेत जातो. संपूर्ण खोऱ्यास हा दर लावल्यास आकडा सु. ५० कोटी टन होतो. नदी जेवढा सेंद्रिय कार्बन समुद्रास देते त्याच्या सु. दसपट कार्बन ती वाटेतच हवेत सोडते, असा याचा अर्थ होता. मुखावर उभे राहून मोजणाऱ्यास यांतील काहीच दिसले नसते.

या अभ्यासाला एक व्यावहारिक बाजूही होती. ॲमेझॉनचे अरण्य हवेतील कार्बन किती शोषते यावर त्या काळात मोठा वाद चालू होता. झाडांच्या शेंड्यांवर उभारलेल्या मनोऱ्यांवरून मोजलेले शोषण बरेच मोठे भरे, पण झाडांच्या वाढीत तेवढा कार्बन सापडत नसे. अरण्याने घेतलेल्या कार्बनाचा काही भाग पाण्यातून उतरून दूरवर हवेत परत जातो, हे कळल्यावर ही तफावत अंशतः तरी समजण्यासारखी झाली.

कोल व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये या साऱ्या माहितीची जुळणी केली. अंतर्गत जलांना जमिनीकडून वर्षाला सु. १९० कोटी टन कार्बन मिळतो. त्यातील निदान ७५ कोटी टन हवेत परततो, सु. २० कोटी टन गाळात पुरला जातो आणि समुद्रास जुना परिचित ९० कोटी टनांचा वाटा मिळतो. समुद्राचा आकडा बदलला नव्हता. वाढला होता तो जमिनीकडून येणारा. त्यानंतरचे अंदाज झपाट्याने चढत गेले. पीटर रेमंड व सहकाऱ्यांच्या २०१३ मधील गणनेत हवेत जाणारा कार्बन २१० कोटी टन ठरला व त्यातील सु. १८० कोटी टन एकट्या नद्या-ओढ्यांचा होता. आकडे वाढले याचा अर्थ पाण्यातून निघणारा वायू वाढला असा नव्हे. पूर्वी नकाशावर न दिसणारे लहान ओढे हिशेबात आले, पाणी व हवा यांच्यातील वायूच्या देवघेवीचा वेग नव्याने ठरला आणि नद्यांचे क्षेत्रफळच मोठे भरले. जॉर्ज ॲलन व टॅमलिन पॅव्हेल्स्की यांनी २०१८ मध्ये उपग्रहचित्रांवरून ते सु. ७,७३,००० चौ. किमी. ठरविले. तरीही सहा वर्षांत जवळजवळ तिप्पट होणारा आकडा सावधपणे वापरला पाहिजे.

हिमालय व दख्खन : नद्यांची दुसरी भूमिका कार्बन पुरण्याची. तिचा सर्वांत भव्य नमुना बंगालच्या उपसागरात आहे. हिमालयाच्या उत्थानामुळे सिलिकेटी खडकांची झीज वाढली, हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड घटला व पृथ्वी थंड होत गेली, असा सिद्धांत मॉरीन रेमो व विल्यम रडिमन यांनी १९८८ ते १९९२ या काळात मांडला. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या पाण्याचे सविस्तर विश्लेषण अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील एम्. एम्. सरीन, एस्. कृष्णस्वामी व इतरांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केले होते. या नद्यांतील बायकार्बोनेटाचा मोठा भाग कार्बोनेटी खडकांतून येतो असे त्यावरून दिसले. असा भाग, वर सांगितल्याप्रमाणे, हवेतील कार्बन कायमचा कमी करीत नाही. क्रिस्त्यां फ्रान्स-लानोर व लुई डेरी यांनी १९९७ मध्ये वादाचे वळण बदलले. हिमालयाच्या बाबतीत सिलिकेटांच्या झिजेपेक्षा गाळाबरोबर पुरल्या गेलेल्या सेंद्रिय कार्बनाचा परिणाम दुप्पट-तिप्पट मोठा आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे व्हालिए गाली व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये नदीतील गाळ व उपसागराच्या तळावरील गाळ यांची तुलना केली. ॲमेझॉनच्या गाळातील बहुतेक स्थलोद्भव सेंद्रिय द्रव्य समुद्रात नष्ट होत असताना गंगा-ब्रह्मपुत्रेचे ते जवळजवळ सर्वच टिकून राहते, असे आढळले. गाळ इतक्या वेगाने साचतो, की ऑक्सिजन पोहोचण्यापूर्वीच सेंद्रिय द्रव्य त्याखाली गाडले जाते. जगातील समुद्रतळावर पुरल्या जाणाऱ्या स्थलोद्भव सेंद्रिय कार्बनाचा १० ते २० टक्के भाग एकट्या बंगालच्या उपसागरात जातो.

दख्खनचे पठार या इतिहासात बेसाल्टामुळे येते. बेसाल्टात कॅल्शियम व मॅग्नेशियम विपुल असून तो ग्रॅनाइटापेक्षा बराच लवकर झिजतो. सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांत येथील काळा कातळ पसरला, तेव्हा प्रचंड प्रमाणात कार्बन डाय-ऑक्साइड हवेत गेला असला पाहिजे. त्यानंतर हाच कातळ झिजताना तो परत शोषीत आला आहे. सेलीन देसर व त्यांच्या फ्रेंच आणि भारतीय सहकाऱ्यांनी नर्मदा, तापी व वैनगंगा यांच्या खोऱ्यांतील पाण्यावरून २००१ मध्ये या शोषणाचा दर काढला. जगातील सिलिकेटांच्या झिजेत खर्च होणाऱ्या कार्बन डाय-ऑक्साइडापैकी जवळजवळ एकतृतीयांश भाग बेसाल्टी प्रदेशांचा असतो, असे त्यांनी २००३ मध्ये दाखविले. कृष्णेच्या वरच्या खोऱ्यातील व सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील नद्यांचा अभ्यास करून अनिर्बन दास, कृष्णस्वामी व इतरांनी २००५ मध्ये दख्खनचा दर बराच कमी असल्याचे प्रतिपादिले. पर्जन्यमान, उतार व मृदेची जाडी यांनुसार हा दर नदीगणिक बदलतो. पठाराच्या कोरड्या भागात तर बायकार्बोनेटाचा काही अंश नदीपर्यंत पोहोचतही नाही; काळ्या जमिनीत सापडणारे चुनखडीचे कंकर हे त्याचेच मृदेत झालेले निक्षेप होत.

कोकण व गोव्यातील नद्या आखूड व वेगवान असून त्यांच्या खाड्यांत भरतीचे पाणी दूरवर शिरते. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मांडवी व जुवारी यांच्या खाड्यांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध केला. या खाड्या हवेला कार्बन डाय-ऑक्साइड देतात आणि पावसाळ्यात हे उत्सर्जन विशेष वाढते, असे त्यात दिसून आले. याच संस्थेच्या विशाखापटनम येथील केंद्रातील व्ही. व्ही. एस्. एस्. सरमा व सहकाऱ्यांनी पुढे देशाच्या दोन्ही किनाऱ्यांवरील २७ खाड्यांची पाहणी केली. पावसाळ्यातील पाहण्यांमुळे भारतीय खाड्यांसंबंधीचे चित्र युरोपातील खाड्यांवरून केलेल्या अंदाजांहून पुष्कळच वेगळे झाले.

धरणे व मिथेन : सर्वांत तीव्र वाद कृत्रिम जलाशयांवरून झाला. जलविद्युत् ही धूरविरहित म्हणून निर्दोष मानली जाई. कॅनडातील जॉन रड व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पाण्याखाली गेलेली वनस्पती व मृदा कुजून जलाशयांतून कार्बन डाय-ऑक्साइड व मिथेन बाहेर पडतो, याकडे लक्ष वेधले. मिथेन हा रेणूमागे कार्बन डाय-ऑक्साइडापेक्षा कितीतरी अधिक उष्णता अडवितो. ऑक्सिजनविरहित तळगाळात तो तयार होतो व बुडबुड्यांनी वर येतो. खोल पाण्यात साठलेला मिथेन टर्बाइनांतून पाणी सोडताच हवेत जातो. ब्राझीलमधील बाल्बिना धरण हे याचे कुप्रसिद्ध उदाहरण आहे. २५० मेगॅवॉट क्षमतेसाठी तेथे सु. २,३६० चौ. किमी. अरण्य पाण्याखाली गेले. या प्रकल्पाचे उत्सर्जन तेवढीच वीज खनिज इंधनापासून निर्माण करताना होणाऱ्या उत्सर्जनाहून अधिक असल्याचे फिलिप फर्नसाइड यांनी हिशेबाने दाखविले व अलेक्झांडर केमेनेस आणि इतरांनी २००७ मध्ये धरणाखालील मिथेनाचे प्रत्यक्ष मापन प्रसिद्ध केले. जलविद्युत् क्षेत्राच्या बाजूने यावर हरकती घेण्यात आल्या व त्यांतील काही रास्त होत्या : बाल्बिनासारख्या उथळ, विस्तीर्ण जलाशयावरून थंड प्रदेशातील वा खोल दरीतील जलाशयाविषयी अनुमान काढता येत नाही. ब्रिजेट डीमर व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये जगातील जलाशयांचे एकत्रित उत्सर्जन कार्बन डाय-ऑक्साइडाच्या परिमाणात वर्षाला सु. ८० कोटी टन ठरविले, त्याचा सु. ८० टक्के परिणाम एकट्या मिथेनाचा होता. आंतरशासकीय हवामान बदल समितीने राष्ट्रीय उत्सर्जनांच्या गणनेसाठीच्या मार्गदर्शिकेत २०१९ मध्ये ज्या सुधारणा केल्या, त्यांत जलाशयांच्या उत्सर्जनाची पद्धत घालून देण्यात आली.

जमाखर्चाचा प्रश्न : मानवी व्यवहारांमुळे जमिनीकडून पाण्यात उतरणारा कार्बन वर्षाला सु. १०० कोटी टनांनी वाढला असावा, असे पिएर रेन्ये व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखविले. जंगलतोड, शेतजमिनींची धूप व सांडपाणी ही त्याची प्रमुख कारणे होत. त्यातील फार थोडा भाग समुद्रापर्यंत पोहोचतो. बाकीचा हवेत जातो किंवा धरणांच्या व सरोवरांच्या तळाशी बसतो. महासागर हवेतील किती कार्बन शोषतो हे ठरवितानाही नद्या आडव्या येतात. औद्योगिक काळापूर्वीपासून नद्यांनी आणलेला काही कार्बन महासागरातून हवेत परत जात आला आहे. त्यासाठी वर्षाला सु. ६५ कोटी टनांची दुरुस्ती वार्षिक जागतिक ताळेबंदात केली जाते. ही दुरुस्ती चुकली, तर जमिनीच्या खात्यावर तेवढीच चूक उलट चिन्हाने येते.

पाण्यातून हवेत जाणारा कार्बन किती जुना आहे, यावर बरेच अवलंबून आहे. कालच्या पानाचा कार्बन आज हवेत गेला तर चक्र फक्त थोडे लांबते. सहस्रावधी वर्षे मृदेत वा खडकात स्थिरावलेला कार्बन बाहेर पडू लागला, तर साठा कमी होतो. एमिलिओ मायोर्गा व इतरांनी २००५ मध्ये किरणोत्सर्गी कार्बनाच्या साहाय्याने ॲमेझॉनमधून हवेत जाणारा कार्बन मुख्यत्वे पाच वर्षांहूनही कमी वयाचा असल्याचे सांगितले व तेच सर्वसाधारण मत झाले. जोशुआ डीन व सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये जगभरातील नोंदी एकत्र करून काढलेला निष्कर्ष याच्या विरुद्ध जातो : नद्यांतून बाहेर पडणाऱ्या कार्बन डाय-ऑक्साइडापैकी सु. ५९ टक्के भाग हजार वर्षे वा त्याहून जुन्या कार्बनापासून आलेला आहे. हे खरे असेल, तर मृदांचा जो साठा स्थिर म्हणून गणला जातो, तो तितका स्थिर नाही आणि ती गळती भरून काढण्यासाठी वनस्पती मानल्या जात होत्या त्याहून अधिक कार्बन शोषीत असल्या पाहिजेत.

भारतापुरते पाहता बी. पी. सेल्वम व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दक्षिणेकडील केरळ, तमिळनाडू व आंध्र प्रदेश या राज्यांतील ४५ जलस्थानांची पाहणी प्रसिद्ध केली. सरोवरे, तलाव, नद्या, कालवे व धरणे यांच्याबरोबर त्यांत उघड्या विहिरीही होत्या. त्यावरून देशातील अंतर्गत जलांचे उत्सर्जन मिथेन २१ लाख टन व कार्बन डाय-ऑक्साइड २·२ कोटी टन, म्हणजे एकत्रित परिणामाने सु. ७·५ कोटी टन कार्बन डाय-ऑक्साइडाइतके ठरले. देशातील जमीन व वने जो कार्बन शोषतात असे त्या वेळी मानले जाई, त्याच्या सु. ४२ टक्के इतके हे प्रमाण आहे. वनांच्या नावे जमा दाखविताना पाण्याच्या नावे पडणारा हा खर्च विचारात घेतलेला नव्हता. ४५ ठिकाणांवरून साऱ्या देशाचा अंदाज बांधण्यातील जोखीम उघड आहे. देशात सर्वाधिक मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत. त्यांतील बहुतेक सिंचनाची असून उन्हाळ्यात त्यांचे पाणी खूप खाली जाते आणि उघड्या पडलेल्या तळावर ठिकठिकाणी गाळपेर केली जाते. असा उघडा तळ पाण्याखालच्या तळापेक्षा अधिक कार्बन डाय-ऑक्साइड सोडतो व तो धरल्यास जगातील जलाशय पुरतात त्याहून अधिक कार्बन हवेत सोडतात, असे २०२१ मधील एका जागतिक अभ्यासात आढळले आहे. त्या अभ्यासानुसार जलाशयांच्या एकूण क्षेत्रापैकी सरासरी १५ टक्के क्षेत्र असे उघडे पडते. दुष्काळी पट्ट्यातील धरणांत एप्रिल-मे महिन्यांत ते याच्या कितीतरी पट असते.